बोरमाळेचे मधले दोन मणी

माझा स्वभाव जळका नाही. जळली ती आमच्या सासूबाईंची बोरमाळ, आणि तीसुद्धा अख्खी नाही, मधले दोन मणी फक्त.

आमचे हे म्हणतात की बोरमाळेच्या कितीतरी आधीपासून घरात जळका वास येत होता, तो कुठून येतोय ते फक्त कुणी बोलत नव्हतं. ह्यांना बोलायला काय जातं! ह्यांना एखादी जाऊ असती म्हणजे कळलं असतं.

किकवीत आमचं घर हायवेपासून थोडं आत आहे. मी घरातली थोरली सून. भावकीत कुणाचंही लग्न ठरलं की भटजींच्या आधी मला निरोप यायचा, सुरेखा, रुखवत तुझ्याकडं. सुपारीचे भटजी-भटजीण, मोत्यांची तुळस, लोकरीचा गणपती, सगळं माझ्या हातचं. (लोकरीचा गणपती एका वर्षी हत्तीपेक्षा उंदराकडे जास्त झुकला होता, पण लग्नघाईत इतकं बारीक बघतंय कोण.) बायका रुखवताभोवती गोळा व्हायच्या, कुणीतरी विचारायचं, "कुणी केलं गं?" आणि मी मागे उभी राहून, आपला काही संबंधच नसल्यासारखी पदराशी चाळा करत, माझं नाव घेतलं जायची वाट बघायची. त्या एवढ्याशा क्षणासाठी मी वर्षभर सुपाऱ्या रंगवत बसायची.

मग धाकट्या भाऊजींचं लग्न झालं आणि शीतल घरात आली.

शीतलमध्ये एक फार मोठा दोष आहे. ती चांगली आहे. उलट बोलत नाही, काम टाळत नाही, स्कूटी चालवते, आणि मला 'ताई' म्हणते तेही अगदी मनापासून. अशा बाईवर जळणं किती कष्टाचं काम आहे ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. शेजारणीपाशी जाऊन सांगावं असं काही सापडतच नाही. एकदा मी तिच्या आमटीत मीठ कमी असतं असं सांगून बघितलं, तर शेजारीण म्हणाली, "बरं हाय की. तुमच्या आत्याबाईंना बीपी हाय, सून ध्यान ठेवती." म्हणजे माझ्याच तोंडून तिचं कौतुक झालं!

(आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.)

तर एक दिवस शीतल बातमी घेऊन आली की भोरला स्टँडच्या मागे नसीमताईंनी दागिने करायचा क्लास काढलाय. आधी मणी ओवायला शिकवतात, मग तारेचं काम, मग पत्रा कापून, ठोकून, गॅसच्या बत्तीनं जोडून धातूचे दागिने. शीतल जायला लागली. थोड्याच दिवसांत तिनं आत्याबाईंसाठी मोत्याच्या कुड्या केल्या. आत्याबाई त्या कुड्या घालून बँकेत गेल्या. बँकेतल्या बाईंनी पैसे द्यायचे सोडून कुड्या कुठून घेतल्या ते विचारलं. झालं! त्या दिवसापासून दूध डेअरीपासून देवळापर्यंत आत्याबाई ज्याला त्याला कान दाखवत फिरायला लागल्या. "आमच्या धाकटीच्या हातचं हाय."

मी त्यांच्या मिक्सरला क्रोशाचं झाकण विणून दिलं होतं. ते अजून मिक्सरवर आहे. पण मिक्सर घेऊन बँकेत कुणी जात नाही, त्याला मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की मलाही क्लासला यायचंय, माझ्या मनात ते फार दिवसांपासून होतं. शीतलला इतका आनंद झाला की मला तिचा संतापच आला. "चला की ताई, मला बी सोबत व्हईल," म्हणाली आणि तिनं माझ्यासाठी स्वतःकडचा एक चिमटा आणि पक्कड बाजूला काढून ठेवली. तिच्या पकडीनं मी शिकायचं!

आम्ही स्कूटीवरून जायचो. ती पुढे, मी मागे, मांडीवर दोघींच्या पिशव्या. कापूरहोळला भोरचा रस्ता फुटतो तिथे एका धाब्यावर शीतल पाणी प्यायला थांबली. धाबेवाल्याची बायको तिच्या ओळखीची. ती बाई माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाली, "सासूबाईंना दवाखान्यात न्येतीस व्हय? ग्वाड पोरगी हाय." शीतलनं लगेच सांगितलं की ह्या माझ्या जाऊबाई आहेत, पण घाव बसायचा तो बसला होता. आमच्यात वयाचं अंतर आहे, ते मी नाकारत नाही. पण ते रस्त्यावरून दिसण्याएवढं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नसीमताई म्हणजे भोरच्याच. माहेरचा पिढीजात बांगड्यांचा धंदा, त्यामुळे बायकांच्या हातांचा अंदाज त्यांना नजरेनंच यायचा. बोलायला गोड, पण शिकवताना कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "डोळं आपल्या हातावर ठेवायचं. शेजारणीच्या हातावर न्हाई." हे सगळ्यांना उद्देशून होतं. मग माझ्याकडेच बघून का म्हणाल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

माझे डोळे शीतलच्या ताटलीत असायचे. तिनं लाल मणी घेतले की मी लाल घ्यायची. तिनं मध्ये मोती टाकला की मी दोन टाकायची. एकदा तर मी तिच्या आधी सर पूर्ण केला. जिंकल्याच्या आनंदात मी तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि त्यातले सगळे मणी खळाखळा फरशीवर! दुसऱ्या टोकाला गाठ मारायची राहिली होती, कारण तेव्हा मी शीतल गाठ कशी मारते ते बघत होते. पुढचा सगळा तास वर्गातल्या बायका गुडघ्यांवर रांगत माझे मणी शोधत होत्या. सगळ्यांत जास्त शीतलनं शोधून दिले.

पुढे धातूचं काम सुरू झालं. नसीमताईंनी आम्हाला पितळेचे बोरमणी करायला दिले. पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, साच्यात ठोकून त्यांच्या इवल्याशा वाट्या करायच्या, दोन वाट्या तोंडाला तोंड लावून बत्तीच्या ज्योतीवर सांधायच्या, मग घासून वर सोन्याचं पाणी. नसीमताई मधूनमधून जुन्या दागिन्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. बोरमाळ पूर्वी कशी करायचे, आतून कशी असते, काय जपावं लागतं, असं काहीतरी. सगळ्या बायका माना डोलावत होत्या. मीही डोलावली. ऐकलं मात्र नाही, कारण शीतलचे मणी किती झाले ते मोजण्यात मी गुंतले होते.

शीतलचा अख्खा सर झाला. माझे दोन मणी झाले.

पण काय मणी होते! गोल, नितळ, सांधा कुठे आहे ते शोधून सापडू नये. नसीमताईंनी ते बोटात फिरवले, उजेडात धरले आणि म्हणाल्या, "सुरेखाताई, ह्ये लई सुबक झाल्यात. असं मणी माझ्या हातून बी रोज हुत न्हाईत." मी गर्रकन वळून शीतलकडे बघितलं. तिची जागा रिकामी! ती स्कूटीत पेट्रोल भरायला गेली होती. जन्मात एकदा माझं कौतुक झालं, आणि ते ऐकायला घरातलं एक माणूस हजर नव्हतं. घरी येऊन मी स्वतःच सांगून बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं. दोन तर दोन." मी ते मणी पुडीत बांधून कपाटात ठेवून दिले.

तेवढ्यात नणंदेच्या मुलीचं, पूनमचं लग्न ठरलं. नणंदेचं सासर मार्गासनीला. आजोळचे म्हणून आमचा तिथे मान. आत्याबाईंनी ट्रंकेतून त्यांची बोरमाळ बाहेर काढली. त्यांच्या आईनं त्यांना लग्नात घातलेली, बोराएवढे सोन्याचे मणी. दोरा जुनाट झाला होता आणि मधल्या दोन मोठ्या मण्यांचे सांधे उकलले होते. आत्याबाई ती हातात घेऊन आम्हा दोघींसमोर बसल्या.

"ह्या लग्नात मी घालनार. पुढं ही कुनाच्या गळ्यात जायची त्ये मला ठरवायचं हाय. जिच्या हाताला कळा हाय, तिच्याच गळ्यात शोभंल."

एवढं बोलून त्यांनी बोरमाळ शीतलच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी थोरली सून, रुखवतं केलेली, समोर बसलेली, हात पुढे केलेला. (हात पुढे केला होता हे आधी कुणाला सांगितलेलं नाही.)

मला सोन्याची हाव नाही. पण ती बोरमाळ शीतलच्या गळ्यात गेली, म्हणजे घरात कला कुणाच्या हाताला आहे ते कायमचं ठरलं. पुढची सगळी लग्नं मी गळ्यात काळी पोत घालून उभी, आणि शेजारी ही बोरमाळ घालून. 

शीतलनं जुना दोरा कापला, मणी ताटलीत काढून वर रुमाल झाकला आणि मला म्हणाली, "ताई, ओवायचं मी ओवीन. पन ह्ये मधलं दोन मणी नसीमताईंकडं न्यावं लागतील. त्ये काय आपल्याला जमायचं न्हाई."

आपल्याला! तिला जमणार नव्हतं. मला का जमू नये? सांधा कुणाचा सुबक होता? माझा! नसीमताई कुणाला काय म्हणाल्या होत्या? मला! मी मनाशी ठरवलं, हे दोन मणी मी सांधणार, आणि मार्गासनीत सगळ्यांदेखत आत्याबाईंना सांगणार की तुमच्या धाकटीला जे जमलं नाही ते तुमच्या थोरलीनं केलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीतल भाऊजींचा डबा घेऊन बाहेर गेली, आत्याबाई शेजारी कुरडया घालायला गेल्या. मी मागच्या पडवीत वीट मांडली. बत्तीही शीतलचीच. (तिनं सांगून ठेवलं होतं, "ताई, लागली तर घ्या." असं बोलून ती माणसाला आणखी कमीपणा आणते.) दोन्ही मणी विटेवर ठेवले, शिकवल्याप्रमाणे सांधा धरावा म्हणून टाकणखार लावला, वितळून जोड देणाऱ्या धातूचे बारीक तुकडे सांध्यावर ठेवले आणि ज्योत सोडली.

आधी वास आला. पूर्वी पोस्टात पार्सलाला लाख लावायचे तेव्हा यायचा तसा. मला वाटलं, शेजारी काहीतरी करपलं. मग पहिला मणी चुरचुरला आणि त्याच्या सांध्यातून काळपट, चिकट असं काहीतरी बाहेर यायला लागलं. मी बघतच राहिले. सोन्याच्या आतून डांबर!

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. आनंद आला. आत्याबाईंच्या माहेरच्यांनी सोनं म्हणून डांबर भरून दिलं! जन्मभर आम्हाला माहेरचा तोरा ऐकवला, आणि हे असं! आता हे मार्गासनीत कसं सांगायचं, याची मी वाक्यं जुळवायला लागले. ज्योत चालूच होती. दुसराही मणी चुरचुरला.

वाक्यं जुळवता जुळवता एक जुनं वाक्य कानात आलं. नसीमताईंचा आवाज. "बोरमाळेच्या मन्यात आत लाख असती. वर सोन्याचा पातळ पत्रा. म्हनून ती आगीपाशी न्यायची न्हाई, गरम पान्यात बी घालायची न्हाई."

म्हणजे ऐकलं होतं मी! कानांनी ऐकलं होतं, फक्त मला कळवलं नव्हतं.

बत्ती बंद करून मी मणी चिमट्यानं उचलायला गेले. आतली लाख निघून गेलेली, वरचा पत्रा कांद्याच्या सालाएवढा. चिमटा लागताच पहिला मणी मिटला. दुसरा जरा हलक्या हातानं धरला, तर तो आधी एका बाजूनं मिटला आणि मग सावकाश दुसऱ्या बाजूनं. मी फुंकर घातली, पाणी शिंपडलं, सुईनं आतून फुगवायचा प्रयत्न केला. जितकं सुधारायला जावं तितकं ते बिघडत गेलं. शेवटी माझ्या तळहातावर सोन्याच्या दोन चुरगळलेल्या चिंध्या उरल्या आणि पडवीच्या फरशीवर लाखेचा एक डाग. तो डाग अजून आहे. त्यावर मी तुळशीची कुंडी सरकवली आहे.

तेवढ्यात बाहेर स्कूटीचा आवाज आला. मी धावत कपाटाकडे गेले, माझ्या दोन पितळी मण्यांची पुडी काढली, मणी ताटलीत टाकले, रुमाल झाकला. खरे मणी हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये. लग्न झालं की गुपचूप भोरला जाऊन दुरुस्त करून आणायचे, असा बेत. मग शीतलसमोर बसून शेंगा सोलायला लागले, इतक्या जोरात की दाणे भिंतीवर उडत होते.

शीतलनं ताटली समोर घेतली. मधले दोन मणी उचलले, बोटात फिरवले, एकदा माझ्याकडे बघितलं. मी शेंगा सोलतच होते. मग ती ओवायला लागली. मी मनात म्हटलं, एवढी हुशार म्हणतात, पण साधं पितळ ओळखता येत नाही.

मार्गासनीला दारात मांडव होता. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि बायका सतरंजीवर विसावल्या. आत्याबाई मध्ये, गळ्यात बोरमाळ. त्यांच्या एका बाजूला शीतल, आणि मी थोडी मागे, पदराशी चाळा करत. नवऱ्या मुलाची आई आत्याबाईंच्या समोरच बसली होती. ती वेल्ह्याची, आणि तिला दागिन्यांची भलतीच पारख. बोलता बोलता ती पुढे वाकली.

"मावशी, ह्ये मधलं दोन मणी येगळं दिसत्यात."

मी पर्स मांडीखाली सरकवली. आत्याबाईंनी चष्मा शोधायला पिशवीत हात घातला. "येगळं? येगळं कसं?"

तेवढ्यात शीतल चटकन म्हणाली, "म्या केल्यात त्ये, आत्याबाई. म्हंजी म्याच घासूनपुसून नीट केल्यात. बाकीचं बी लग्नानंतर करनार हाय."

नवऱ्या मुलाच्या आईनं मणी बोटावर घेतले, उलटसुलट केले. "बाकीच्यांना किती पोचं हायेत, आन् ह्ये बगा. नजर ठरत न्हाई. सांधा बी दिसंना. पोरी, तुझ्या हातात लई कळा हाय."

"धाकटी हाय माजी," आत्याबाई फुलून म्हणाल्या. "असा हात उभ्या तालुक्यात न्हाई."

भोवतालच्या सगळ्या बायका शीतलकडे बघायला लागल्या. कुणी म्हणालं, पोरीनं घराचं नाव काढलं. कुणी म्हणालं, आमच्याही ठुशीचं बघ.

आता बघा. मी वाचले होते. चष्मा सापडायच्या आत विषय मिटला होता. मला काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. कुठल्याही शहाण्या बाईनं देवाचे आभार मानून सुपारी तोंडात टाकली असती.

पण माझ्या डोळ्यांसमोर काय चाललं होतं? उभ्या आयुष्यात माझ्या हातून दोन मणी चांगले झाले. त्यांचं चारचौघांत कौतुक होत होतं. नेमकं माझ्याच सांध्याचं! आणि ते सगळं शीतल आपल्या पदरात घेत होती. 'म्या केल्यात' म्हणे! त्याच वेळी तिनं सतरंजीवरून पाय लांबवून माझ्या पायाचं बोट जोरात दाबलं. वर लाथ मारते!

"खोटं बोलतीय ती!" माझा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "त्ये मणी म्या केल्यात! म्या! पत्रा म्या कापला, वाट्या म्या ठोकल्या, सांधा बी माजा हाय. विचारा नसीमताईंना. तिनं नुसतं ओवल्यात!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला फार बरं वाटलं. अगदी छातीवरचं ओझं उतरलं.

आत्याबाईंनी चष्मा घातला. मण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू केल्यात," त्या सावकाश म्हणाल्या. "मग माज्या आईचं कुठं हायेत?"

हा प्रश्न माझ्या हिशेबात नव्हता.

मी शीतलकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. शेवटी मी पर्स उघडली आणि हातरुमाल आत्याबाईंच्या पुढ्यात सोडला. सगळ्या बायका पुढे वाकल्या. आत्याबाईंनी ते दोन तुकडे बोटानं ढकलून बघितले.

"ह्या काय मनुका हायेत?"

कुणाला हसू आवरेना. नवऱ्या मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि सावरून म्हणाली, "काई म्हना मावशी, तुमच्या दोगी बी सुना कलाकार हायेत."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "एकीचा हात चालतो, एकीचं त्वांड."

 परतीच्या टेम्पोत आमचे हे एकदाच नाक वर करून हुंगल्यासारखं करून हसले. घरी आल्यावर साड्यांच्या घड्या घालताना मी शीतलला विचारलं, मला लाथ का मारलीस?

"लात न्हाई ताई, गप ऱ्हावा म्हनून खुनवत व्हते," ती म्हणाली. "मला ओवतानाच कळलं. तुमच्या शेजारी बसून शिकले, तुमचं मणी वळखनार न्हाई व्हय? म्हनलं, लग्नाचं घर हाय, आपन आपल्या अंगावर घ्यावं. मागनं नसीमताईंना सांगून नीट करू."

म्हणजे ती कौतुक चोरत नव्हती, माझा गुन्हा पोटात घालत होती. मला भरून आलं. आणि त्याच्यापाठोपाठ, सांगायला लाज वाटते, पुन्हा तीच जळजळ. माझ्या चुकांमध्येसुद्धा तीच चांगली ठरते!

मणी नीट झाले. सोनं होतं तेवढंच होतं, वाया गेली ती लाख. नसीमताईंनी ओळखीच्या सोनाराकडून पत्रा सरळ करून घेतला, पुन्हा लाख भरून घेतली. मला मात्र त्यांनी विचारलंच, "म्या सांगत व्हते तवा तुमी कुठं बगत व्हता?" आणि मी सवयीनं शीतलच्या ताटलीत बघितलं.

आत्याबाईंनी निकाल दिला. बोरमाळ पुढे शीतलच्या गळ्यात जाणार. माझं आगीजवळ जाणं घरात बंद. (स्वयंपाक वगळून, अर्थात!) आणि माझे दोन पितळी मणी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ओंजळीत ठेवले. "सुबक हायेत मातर," म्हणाल्या. ते ऐकायला शीतल तिथेच उभी होती. मी नीट बघून घेतलं.

त्या मण्यांची मी कानातली केली. म्हणजे मणी माझे, पण मला बत्तीची बंदी, म्हणून वरचे हूक शीतलनं लावून दिले. आता मी कुठेही गेले की केस मुद्दाम मागे घेते.

परवा भोरला जाताना एसटीत शेजारच्या सीटवरच्या बाई बराच वेळ माझ्या कानाकडे बघत होत्या. मी मान आणखी थोडी त्यांच्याकडे वळवली, नजर खिडकीबाहेर ठेवली, पदराशी चाळा सुरू केला.

"बाई, लई सुबक काम हाय वो," त्या म्हणाल्या. "ह्ये हूक कुनी केलं?"